ज्योतीची लिपी वाचणारे रसायनशास्त्रज्ञ : रॉबर्ट बुन्सेन

शालान्त परीक्षेपर्यंत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला बुन्सेन हे नाव ठाऊक असते. प्रयोगशाळेतील ओट्यावर उभी असलेली ती पितळी नळी, तिच्या बुडाशी हवा आत घेणारे छिद्र आणि वर निळसर, जवळजवळ न दिसणारी ज्योत, एवढीच त्या नावाची ओळख बहुतेकांच्या मनात उरते. एखाद्या थोर माणसाचे नाव एखाद्या उपकरणाला चिकटले, की उपकरण घरोघरी पोहोचते आणि माणूस मात्र विस्मृतीत जातो. बुन्सेन ह्यांच्या बाबतीत हा अन्याय दुहेरी झाला आहे, असे आम्हांस वाटते. कारण तो बर्नर सर्वस्वी त्यांचा नव्हता, आणि जे कार्य खऱ्या अर्थाने त्यांचे होते ते फारच थोड्यांना माहीत आहे. त्या कार्यामुळे सूर्य आणि तारे कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत हे सांगणे मानवाला शक्य झाले. म्हणूनच ह्या रसायनशास्त्रज्ञाचे जीवन वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

रॉबर्ट विल्हेल्म बुन्सेन ह्यांचा जन्म मार्च १८११ मध्ये जर्मनीतील ग्यॉटिंगेन ह्या विद्यापीठनगरीत झाला. चार भावंडांत ते धाकटे. वडील त्याच विद्यापीठात अर्वाचीन भाषांचे प्राध्यापक आणि ग्रंथपाल होते. त्यामुळे पुस्तकांचा आणि विद्वानांचा सहवास त्यांना बालपणापासून लाभला. कॅडमियम ह्या मूलद्रव्याचा शोध लावणारे श्ट्रोमायर हे त्यांचे रसायनशास्त्राचे गुरू. विशीच्या उंबरठ्यावरच त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि १८३२-३३ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स ह्या देशांतून दीर्घ प्रवास केला. हा प्रवास कारखाने, खाणी आणि प्रयोगशाळा पाहण्यासाठी होता. गीसेनला लीबिग आणि पॅरिसला गे-ल्युसॅक ह्या त्या काळच्या अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञांची भेट त्यांनी ह्याच प्रवासात घेतली. जे शिकायचे ते हाताने करून शिकायचे, ही वृत्ती तेव्हापासूनची.

ग्यॉटिंगेनला परतल्यावर त्यांनी एका वैद्याच्या साहाय्याने सोमलाच्या म्हणजे आर्सेनिकच्या विषावर उतारा शोधला. ताजे तयार केलेले लोहाचे हायड्रॉक्साइड पोटात दिले असता ते सोमलाला धरून ठेवते आणि त्याचा विषारी प्रभाव कमी करते, असे त्यांनी १८३४ मध्ये दाखवून दिले. पुढील काही वर्षे हेच सोमल त्यांच्या जिवावर उठणार होते.

१८३६ साली कासेल येथील तांत्रिक शिक्षणसंस्थेत व्योलर ह्यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली आणि ‘कॅकोडिल’ नावाच्या आर्सेनिकयुक्त संयुगांचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. हे नावच मुळी दुर्गंध ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. त्याच्या नुसत्या वासाने हातापायांना मुंग्या येतात, भोवळ येते आणि जीभ काळी पडते, अशी नोंद स्वतः बुन्सेन ह्यांनी केली आहे. त्यातील काही संयुगे हवेशी संबंध येताच पेट घेतात. अशाच एका प्रयोगात भांड्याचा स्फोट झाला, काचेचा तुकडा उजव्या डोळ्यात शिरला आणि त्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. विषबाधेमुळे काही दिवस ते मृत्यूच्या दारात होते. ते बरे झाले, अभ्यास पुरा केला, त्याची युरोपभर वाहवा झाली. पण त्यानंतर सेंद्रिय रसायनाकडे ते फिरकले नाहीत. ज्या माणसाने पुढे प्रकाशाच्या बारीक रेषा पाहून जगाला थक्क केले, त्याला पाहण्यासाठी एकच डोळा होता, ही गोष्ट त्यांची चरित्रे वाचताना नजरेआड होता कामा नये.

१८३९ पासून बारा वर्षे ते मारबुर्ग विद्यापीठात होते. ह्या काळातील त्यांच्या उद्योगांची नुसती यादी केली तरी एका माणसाने हे सर्व केले ह्यावर विश्वास बसणे कठीण. विजेच्या घटातील महागडे प्लॅटिनम काढून तेथे कोळशाची कांडी बसवावी, ही स्वस्त युक्ती त्यांनी १८४१ मध्ये शोधली. लोखंडाच्या झोतभट्ट्यांतून बाहेर पडणारे वायू तपासून त्यांनी इंधनाची केवढी नासाडी होते ते मोजले. जर्मनीतील लोणारी कोळशाच्या भट्ट्यांत निम्मी उष्णता वाया जाते, असे त्यांना आढळले. नंतर लायन प्लेफेअर ह्यांच्यासह इंग्लंडमध्ये पाहणी केली, तेव्हा तेथील नुकसान सुमारे ८० टक्के निघाले.

१८४६ साली डॅनिश सरकारच्या साहाय्याने ते आइसलँडला गेले. आदल्या वर्षी तेथील हेक्ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता. तेथील ‘गायझर’ म्हणजे ठरावीक वेळाने आकाशात उसळणारे उकळत्या पाण्याचे प्रचंड कारंजे. बुन्सेन ह्यांनी त्याच्या नळीत दोरीने तापमापक सोडून, उसळी येण्याच्या अगदी थोडा वेळ आधीपर्यंत, वेगवेगळ्या खोलीवरील पाण्याचे तापमान मोजले. खालचे पाणी शंभर अंशांच्या वर तापलेले असते. पण वरच्या पाण्याच्या भाराने ते उकळू शकत नाही. तळाच्या वाफेने पाण्याचा स्तंभ थोडा वर ढकलला, की भार हलका होतो आणि अतितप्त पाणी एकदम वाफ होऊन उसळते. परतल्यावर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांपुढे ह्याची छोटी प्रतिकृती उसळवून दाखविली.

ब्रेस्लाऊ येथे त्यांनी जेमतेम एक वर्ष काढले. पण तेथे गुस्ताव किर्खोफ ह्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाशी त्यांची मैत्री जडली. किर्खोफ त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान. १८५२ मध्ये बुन्सेन हायडेलबर्गला गेले आणि दोन वर्षांतच खटपट करून त्यांनी किर्खोफ ह्यांनाही तेथे बोलावून घेतले. एक धिप्पाड आणि अघळपघळ, दुसरा किरकोळ बांध्याचा आणि गणितात बुडालेला. ही जोडी नेकर नदीकाठी आणि पलीकडच्या टेकडीवर रोज फिरताना हायडेलबर्गकर पाहत असत.

आता त्या बर्नरविषयी. बुन्सेन ह्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधली जात असताना शहरात दगडी कोळशाच्या वायूचे दिवे आले होते आणि तोच वायू प्रयोगशाळेत आणण्याचे ठरले. परंतु त्या वायूची ज्योत पिवळी, काजळी धरणारी. वायू जळण्यापूर्वीच त्यात योग्य प्रमाणात हवा मिसळली तर ज्योत तप्त आणि वर्णहीन होईल, अशी बुन्सेन ह्यांची कल्पना होती. विद्यापीठातील यंत्रकारागीर पीटर डेसागा ह्यांनी ती प्रत्यक्षात उतरविली आणि १८५५ मध्ये नव्या प्रयोगशाळेसाठी सुमारे पन्नास बर्नर बनवून दिले. तत्सम दिवा मायकेल फॅरडे ह्यांनीही पूर्वी वर्णिला होता. बुन्सेन ह्यांनी बर्नरवर एकस्व घेतले नाही. संशोधनाचा आनंद आणि त्यातून होणारी कमाई ह्या गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असे त्यांचे मत होते. विजेच्या घटावरही त्यांनी हक्क सांगितला नव्हता. नाव मात्र त्यांचेच राहिले आणि डेसागा मागे पडले. हेही येथे नोंदविणे आम्हांला न्याय्य वाटते.

ह्या वर्णहीन ज्योतीमुळेच पुढचा सारा इतिहास घडला. घरच्या गॅसच्या शेगडीवर मिठाचे पाणी उतू गेले की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, हे आपल्या माताभगिनी रोज पाहतात. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा. पोटॅशियम फिकट जांभळा रंग देते, स्ट्रॉन्शियम लाल आणि बेरियम हिरवा. शोभेच्या दारूतील रंग ह्याच द्रव्यांचे असतात. ज्योतीच्या रंगावरून पदार्थ ओळखण्याचा प्रयत्न अठराव्या शतकापासून चालू होता. अडचण अशी, की सोडियमचा कणभर अंश असला तरी त्याचा पिवळा रंग बाकी सर्वांना झाकून टाकतो. बुन्सेन ह्यावर तोड म्हणून रंगीत काचांतून आणि रंगीत द्रावणांतून ज्योत पाहत असत. १८५९ च्या शरद ऋतूत किर्खोफ ह्यांनी सुचविले, की काचांऐवजी लोलकातून पाहावे. म्हणजे प्रत्येक रंग आपापल्या जागी अलग होईल.

त्यांचे पहिले उपकरण आज कोणी पाहिले तर हसू येईल. सिगारची एक लाकडी पेटी, जुन्या दुर्बिणींचे दोन तुकडे आणि कार्बन डायसल्फाइड ह्या द्रवाने भरलेला पोकळ लोलक. एका नळीच्या टोकाला बारीक फट. फटीसमोर बुन्सेन बर्नरची ज्योत, ज्योतीत प्लॅटिनमच्या तारेवर क्षाराचा कण. दुसऱ्या नळीतून पाहिले की काळ्या पार्श्वभूमीवर तेजस्वी रेषा उमटतात. बुन्सेन ह्यांनी अतिशय कष्टाने शुद्ध केलेले क्षार एकेक करून तपासले. सोडियम क्लोराइड असो, कार्बोनेट असो वा नायट्रेट, सोडियमची पिवळी रेषा त्याच जागी. ज्योत निरनिराळी, तापमान निरनिराळे, रेषेची जागा तीच. प्रत्येक मूलद्रव्याची रेषांची स्वतःची एक सही असते आणि ती दुसऱ्या कोणाची असू शकत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. त्या दिवसांत आपल्याला झोप येत नाही, असे बुन्सेन ह्यांनी इंग्लंडमधील आपले शिष्य रॉस्को ह्यांना पत्राने कळविले होते.

ही पद्धत किती सूक्ष्म आहे हे त्यांनी असे दाखविले. खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात सोडियमच्या एका क्षाराचे अवघे तीन मिलिग्रॅम दुग्धशर्करेबरोबर जाळले. काही मिनिटांतच दुसऱ्या टोकाला असलेल्या ज्योतीत पिवळी रेषा झळकली. खोलीतील हवेचा हिशेब करून त्यांनी सांगितले, की एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या हिस्स्याहूनही कमी सोडियम-क्षार ह्या पद्धतीने दिसतो. त्या काळच्या कोणत्याही तराजूच्या आवाक्यापलीकडची ही गोष्ट होती.

आणि मग सूर्य. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात हे बव्हेरियाच्या फ्राउनहोफर ह्यांनी १८१४ मध्येच दाखविले होते. पण त्या का असतात हे कोणास उमगले नव्हते. किर्खोफ ह्यांनी ऑक्टोबर १८५९ मध्ये उलगडा केला. जो तप्त वायू एखादा रंग बाहेर टाकतो, तोच वायू मागून येणाऱ्या प्रखर प्रकाशातील नेमका तोच रंग शोषून घेतो. म्हणजे सूर्याच्या वर्णपटातील पिवळ्या भागातील काळी रेषा ही सूर्याभोवती सोडियमची वाफ असल्याची साक्ष. हा उलगडा किर्खोफ ह्यांचा आहे, हे बुन्सेन शेवटपर्यंत आग्रहाने सांगत राहिले. ऑग्यूस्त कोम्त ह्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १८३५ मध्ये असे प्रतिपादन केले होते, की ताऱ्यांची अंतरे आणि गती मानवाला कळतील, परंतु ते कोणत्या द्रव्याचे बनले आहेत हे कधीही कळणार नाही. कोम्त १८५७ मध्ये निवर्तले. दोनच वर्षांनी हायडेलबर्गच्या त्या सिगारच्या पेटीने त्यांचे भाकीत खोटे ठरविले. असे सांगतात, की एका रात्री दोघा मित्रांनी खिडकीतून दूरच्या मानहाइम शहरातील आग आपल्या उपकरणातून पाहिली, तेव्हा तिच्या ज्वाळांत बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या रेषा दिसल्या. आणि इतक्या लांबची आग वाचता येते तर सूर्य का नाही, हा विचार त्यांच्या बोलण्यात आला.

पाठोपाठ त्यांना नवी मूलद्रव्ये मिळाली. ड्युर्कहाइम येथील खनिजजलाच्या अवशेषात बुन्सेन ह्यांना १८६० मध्ये दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या. ज्ञात असलेल्या कोणत्याही द्रव्याच्या त्या नव्हत्या. रेषा दिसणे वेगळे आणि द्रव्य हाती येणे वेगळे. त्यांनी तब्बल ४४ हजार किलोग्रॅम पाणी कारखान्यात आटवून घेतले आणि त्यातून नव्या द्रव्याचे सुमारे सात ग्रॅम क्लोराइड मिळविले. आकाशाच्या निळाईवरून त्याचे नाव सिझियम ठेवले. पुढच्याच वर्षी लेपिडोलाइट ह्या खनिजात गडद लाल रेषांचे रुबिडियम सापडले. ह्याच वाटेने जाऊन इतरांनी थॅलियम आणि इंडियम शोधून काढली. १९६७ पासून जगातील सेकंदाची व्याख्या ज्या अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर बेतलेली आहे, तो अणू ह्याच सिझियमचा.

येथे एका धर्मगुरूंचा उल्लेख ओघाने येतो. रोम येथील येशूसंघाच्या रोमन कॉलेजमध्ये फादर अँजेलो सेक्की वेधशाळेचे प्रमुख होते आणि त्यांची वेधशाळा संत इग्नेशियस ह्यांच्या नावाच्या चर्चच्या छतावर उभी होती. बुन्सेन-किर्खोफ ह्यांची पद्धत त्यांनी दुर्बिणीला जोडली, चार हजारांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट पाहिले आणि वर्णपटांनुसार ताऱ्यांचे वर्ग पाडले. आजच्या तारावर्गीकरणाची ती सुरुवात होय. फादर सेक्की १८७८ मध्ये निधन पावले.

आपल्या कोकणाशीही ह्या विद्येचा संबंध आला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन ह्यांनी सूर्यावरील ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर ह्यांनी ग्रहण नसतानाही त्या पाहण्याची रीत साधली. त्या रेषांतील एक पिवळी रेषा सोडियमची नव्हती. तिच्या मागचे द्रव्य ते हेलियम. ह्या रेषेच्या अभ्यासात लॉकयर ह्यांचे सहकारी असलेले फ्रँकलंड हे मारबुर्ग येथील बुन्सेन ह्यांचे विद्यार्थी. विजयदुर्ग किल्ल्यातील ‘साहेबाच्या ओट्यां’वरून लॉकयर ह्यांनी १८६८ मध्ये हेलियम शोधला, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. वास्तविक त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गास त्यांनी तळ दिला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला ह्यांनी जेऊर येथून घेतले होते. समजूत दुरुस्त केल्याने विजयदुर्गाचे महत्त्व कमी होते असे आम्हांस वाटत नाही.

बुन्सेन ह्यांच्या पद्धतीला एक मर्यादा होती. ज्योतीच्या उष्णतेत बहुतेक संयुगे तुटून जातात. त्यामुळे कोणती मूलद्रव्ये आहेत ते कळते, पण अणू एकमेकांशी कसे जोडलेले होते ते कळत नाही. रेणूतील अणू जणू स्प्रिंगने जोडल्यासारखे सतत थरथरत असतात. त्या कंपनांचा वर्णपट वाचता आला तर रेणूची घडण न मोडता ओळखता येते. पुढील काळात अवरक्त किरणांच्या साहाय्याने ते साधले, आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी, कृष्णन ह्यांच्या साहाय्याने, विखुरलेल्या प्रकाशात त्या कंपनांच्या रेषा दाखविल्या. आज औषधांच्या आणि इंधनांच्या कारखान्यांत ह्या दोन्ही रीती नित्याच्या आहेत. त्यांची वंशावळ मागे नेली तर ती सिगारच्या त्या पेटीपाशी पोहोचते.

शिक्षक म्हणून बुन्सेन ह्यांची योग्यता संशोधक म्हणून होती त्याहून कमी नव्हती. हायडेलबर्गला सदतीस वर्षे त्यांनी अध्यापन केले. मेंडेलीव्ह, लोथार मायर, बायर, आउअर फॉन वेल्सबाख अशी मंडळी त्यांच्या सहवासात राहून गेली. व्याख्यानात स्वतःच्या शोधाचा विषय निघाला, की मी शोधले असे न म्हणता असे आढळले आहे एवढेच ते म्हणत, अशी आठवण शिष्य सांगतात. काचकामात हात इतके तयार झाले होते, की तापलेल्या मुशीचे झाकण ते सहज बोटांनी उचलीत. एक उणीवही सांगायला हवी. स्त्रियांना आपल्या प्रयोगशाळेत प्रवेश द्यायचा नाही, असा त्यांचा निर्धार होता. रशियाची गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्काया हिने आपल्या मैत्रिणीसाठी, यूलिया लेर्मोन्तोवा हिच्यासाठी, त्यांची भेट घेतली आणि त्यांना आपला हट्ट सोडणे भाग पाडले, असे सांगतात. हीच यूलिया १८७४ मध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक ठरली.

ते आजन्म अविवाहित राहिले. विनोदबुद्धी तल्लख होती. बायबलविषयक ग्रंथ लिहिणारे मुत्सद्दी क्रिस्टियान फॉन बुन्सेन हे वेगळे गृहस्थ. ते १८६० मध्येच निवर्तले होते. एका बाईंनी दोघांत गल्लत करून रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन ह्यांना त्यांचा धर्मविषयक ग्रंथ पूर्ण झाला का असे विचारले. आपल्या अकाली निधनामुळे तो अपुरा राहिला, असे त्यांनी गंभीर चेहऱ्याने उत्तर दिल्याची कथा प्रसिद्ध आहे.

ह्या माणसाच्या धीराची कसोटी पुन्हा एकदा लागली. १८७४ साली, तीन वर्षे खपून दुर्मिळ मृत्तिका-धातूंच्या वर्णपटांवर लिहिलेला प्रबंध त्यांच्या मेजावर छपाईला जाण्यासाठी तयार होता. ते बाहेर गेले असताना मेजावरील पाण्याच्या काचपात्राने भिंगासारखे काम केले, सूर्यकिरण कागदांवर एकवटले आणि सारे हस्तलिखित व आकृत्या जळून गेल्या. ज्या प्रकाशाचा अभ्यास केला त्याच प्रकाशाने कागद जाळले. त्रेसष्ट वर्षांच्या बुन्सेन ह्यांनी सर्व मोजमापे पुन्हा केली आणि १८७५ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी किर्खोफ बर्लिनला निघून गेले. बुन्सेन ह्यांनाही १८६३ मध्ये बर्लिनचे बोलावणे आले होते, पण ते हायडेलबर्ग सोडून गेले नाहीत. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने डेव्ही पदक प्रथमच दिले, ते ह्या दोघा मित्रांना मिळून. मानसन्मानांचे त्यांना फारसे अप्रूप नव्हते. पदके पाहून आईला आनंद झाला असता, पण ती आता नाही, असे ते म्हणत.

१८८९ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यापूर्वी दोन वर्षे किर्खोफ ह्यांचे निधन झाले होते. उरलेला काळ त्यांनी भूगर्भशास्त्राच्या वाचनात आणि हायडेलबर्गच्या टेकड्यांवर फिरण्यात घालविला. चालवेना तेव्हा घोडागाडीतून. १६ ऑगस्ट १८९९ रोजी त्यांचे देहावसान झाले. हायडेलबर्गच्या डोंगरउतारावरील दफनभूमीत त्यांची समाधी आहे.